संख्याशास्त्राची सुरुवात सरासरीपासून करावी की नमुन्यापासून?

अंत्रुजकर:
नमस्कार मंडळी. फोंड्याला कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी संख्याशास्त्राचे सहा वर्ग घ्यायचे ठरताहेत, प्रत्येकी दीड तासाचे. मुलं मराठी शाळांतून आलेली आणि कॉलेजात सगळं इंग्रजीतून. सूत्रं पाठ असतात, पण कुठलं कधी लावायचं ते उमगत नाही. नेहमीचा क्रम असा: मध्य (म्हणजे सरासरी), मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला आकडा), बहुलक (सर्वात जास्त वेळा येणारा), मग प्रमाण विचलन (आकड्यांचा पसारा), नॉर्मल वक्र, नमुना आणि शेवटी पी-व्हॅल्यू. हा क्रम तसाच ठेवावा का? मुलं नेमकी कुठे अडतात आणि का अडतात, हे शिकवणाऱ्यांनी आणि रोज आकड्यांत काम करणाऱ्यांनी सांगावं. उदाहरणं शक्यतो गोव्यातलीच हवीत. माझा कल सरासरीपासून सुरुवात करण्याकडे आहे, कारण ती सगळ्यांना येते.

मांडवीपार:
विषय छान. मासळीची उदाहरणं घ्या, दुपारच्या वर्गालाही मुलं जागी राहतील. :)

सुंगट:
घ्या मग मासळीच. समजा म्हापशाच्या बाजारात सात जणींकडे इसवणाचा (सुरमईचा) किलोचा भाव विचारला: ६००, ६५०, ६५०, ७००, ७५०, ८०० आणि १४००. बेरीज ५५५०, मध्य जवळजवळ ७९३. आता फळ्यावर विचारा, सातांपैकी किती जणींकडे ७९३ पेक्षा कमी भाव आहे? पाच. म्हणजे ‘सरासरी भाव’ म्हणून जो आकडा आला, तो बहुतेकींच्या भावापेक्षा वरचा. मध्यक ७००, बहुलक ६५०. शेवटच्या १४०० च्या जागी ३००० लिहा: मध्य थेट १०२१ वर जातो, मध्यक ७०० वरून हलत नाही.

इथे एक गोष्ट हमखास राहून जाते. १४०० हा आकडा दिसला की मुलं तो खोडून टाकतात. तसं करू देऊ नका. आधी कारण शोधायचं: लिहिताना चूक झाली, की तो मोठ्या इसवणाच्या कापांचा भाव आहे आणि बाकीचे अख्ख्या माशाचे? चूक असेल तर दुरुस्त करायची, वेगळी वस्तू असेल तर वेगळी मांडायची, आणि खराच भाव असेल तर ठेवायचा. नुसता डोळ्यांना खुपतो म्हणून आकडा काढता येत नाही.

कुळागर:
सुंगट यांच्या उदाहरणाला एक जोड. मध्यक नेहमीच बरा, असा समज मुलांनी घेऊन जाऊ नये. एकूण खर्च काढायचा असेल तर मध्यच लागतो, कारण मध्य गुणिले संख्या म्हणजे बेरीज. मध्यकाला तो गुण नाही. खानावळवाल्याला महिन्याचं बजेट मध्यकावर बांधता येत नाही.

आणि भार विसरू नका. ६५० च्या भावाने १० किलो घेतले आणि १४०० च्या भावाने २ किलो, तर सरासरी भाव १०२५ नव्हे. ६५०० अधिक २८०० म्हणजे ९३००, भागिले १२, म्हणजे ७७५.

बांगड्यांचं तर आणखीच वेगळं. आपल्याकडे बांगडे बरेचदा किलोने नाही, नगावर मिळतात. एकीकडे १०० रुपयांना ५, दुसरीकडे १०० रुपयांना १०. नगाला २० आणि १०, म्हणून सरासरी १५? दोन्हीकडे शंभर-शंभर रुपये दिले तर २०० रुपयांत १५ बांगडे आले, म्हणजे नगाला १३.३३. हा हरात्मक मध्य. दोन्हीकडून सारखेच नग घेतले तर मात्र १५ बरोबर. काय सारखं ठेवलंय, पैसे की नग, यावर उत्तर ठरतं. गाडीच्या वेगाचं गणित हेच आहे, पण बांगड्यांवर ते चटकन पटतं.

मांडवीपार:
आणि बहुलक? तो नुसता परीक्षेत दोन गुणांसाठी का?

कुळागर:
नाही. चपलांच्या दुकानदाराला सरासरी माप ७.३ सांगून उपयोग नाही, कुठलं माप सर्वात जास्त खपतं ते हवं. जिथे आकडे मोजके आणि ठरावीक असतात, किंवा आकडेच नसतात (मासळीची कुठली जात, कुठला रंग), तिथे बहुलकच. सलग मोजमापांत त्याचा भरवसा धरू नका, गटांची रुंदी बदलली की बहुलक उडी मारतो.

पेडणेकरीण:
मुलं सर्वात जास्त अडतात ती प्रमाण विचलनात, आणि त्यातही भागायचं ते एन ने (म्हणजे नगांच्या संख्येने) की एन वजा एक ने, इथे. ‘नमुना असेल तर एक वजा करा’ एवढंच सांगून पुढे जातात, मग मुलं तो नियम म्हणून घोकतात. फळ्यावर पाच बांगड्यांची वजनं लिहा: १२०, १३०, १४०, १५०, १६० ग्रॅम. मध्य १४०. फरक -२०, -१०, ०, १०, २०. वर्गांची बेरीज १०००. पाचाने भागलं तर २००, वर्गमूळ १४.१४. चाराने भागलं तर २५०, वर्गमूळ १५.८१.

आता समजा हे पाच बांगडे ज्या मोठ्या ढिगातून आले, त्याचा खरा मध्य १४५ आहे. फरक १४५ पासून घ्या: -२५, -१५, -५, ५, १५. वर्गांची बेरीज ११२५. १२५ ने वाढली, आणि हे १२५ म्हणजे ५ गुणिले ५ चा वर्ग: नग गुणिले दोन मध्यांतल्या फरकाचा वर्ग. खरा मध्य कुठलाही धरा, १४० सोडून, बेरीज १००० पेक्षा जास्तच येणार. नमुन्याचा मध्य त्याच पाच आकड्यांतून काढलेला असतो, म्हणून तो त्यांना शक्य तितका जवळ बसतो आणि पसारा असतो त्याहून कमी दिसतो. एक वजा केल्याने व्हेरिअन्सची (वर्गमूळ घेण्याआधीच्या आकड्याची) ही तूट सरासरीने नेमकी भरून निघते. हे मुलांनी स्वतःच्या हाताने एकदा केलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

आणि अख्खा ढीगच मोजला असेल, वर्गातल्या सगळ्याच मुलांचे गुण असतील, तर एन नेच भागायचं. तिथे अंदाज करायचं काही उरलेलंच नाही.

तिसऱ्यो:
पेडणेकरीण ताईंचा हिशोब कॅलक्युलेटरवर करून घेताना जिथे चुकतं ते सांगतो. पहिल्या वर्षाला बहुतेकांकडे कॅसिओचा एफएक्स-८२एमएस असतो. मोड दाबून २, म्हणजे एसडी. त्यानंतर लगेच शिफ्ट, मोड, १, बरोबर: आधीची माहिती पुसली जाते. ही पायरी गाळली की मागच्या गणिताचे आकडे नव्या गणितात मिसळतात आणि उत्तर थोडंसंच चुकतं, म्हणून ते ध्यानातही येत नाही. मग १२०, एम प्लस, १३०, एम प्लस असं पुढे. प्रत्येक वेळी पडद्यावर एन किती झाला ते दिसतं, शेवटी ५ आहे ना ते बघायचं. शिफ्ट २ दाबल्यावर १ म्हणजे मध्य, २ म्हणजे सिग्मा-एन, ३ म्हणजे सिग्मा-एन-वजा-एक. कॅसिओच्या ईएस प्लस मॉडेलवर तेच सिग्मा-एक्स आणि एस-एक्स नावांनी येतात. एक्सेलमध्ये एसटीडीईव्ही.एस नमुन्यासाठी, एसटीडीईव्ही.पी अख्ख्या समष्टीसाठी (ज्यातून नमुना घेतात तो सगळा ढीग).

हाताने करताना वर्गांच्या बेरजेतून वजा करण्याचं लघुसूत्र वापरत असाल तर मध्य मध्येच पूर्णांकात आणू नका. ९९००० (वजनांच्या वर्गांची बेरीज) वजा ९८००० (पाच गुणिले मध्याचा वर्ग) इथे जमून गेलं, पण मध्य १३९.६ असताना १४० धरला तर दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीत ती चूक फुगते. कधी कधी व्हेरिअन्स चक्क ऋण येतो.

वाळपयवाला:
नॉर्मल वक्र शिकवताना पावसाचं उदाहरण जरूर घ्या, पण तो वक्र कुठे लागू होत नाही हे दाखवायला. दहा दिवसांचा पाऊस मिलिमीटरमध्ये समजा असा: ०, ०, ०, २, ५, ८, १२, २०, ३५, ११८. बेरीज २००, मध्य २०, मध्यक ६.५. प्रमाण विचलन (एन वजा एक घेऊन) ३६.२ येतं. आता ‘मध्यापासून एका विचलनाच्या आत ६८ टक्के’ हा नियम लावा: २० वजा ३६.२ म्हणजे उणे १६.२ मिलिमीटर. उणे पाऊस पडत नाही. आणि त्या पट्ट्यात, म्हणजे ५६.२ पर्यंत, दहापैकी नऊ दिवस बसले. ६८-९५-९९.७ हा नियम घंटेच्या आकाराच्या वक्राचा आहे, प्रत्येक माहितीचा नव्हे. डावीकडे शून्याची भिंत आणि उजवीकडे लांब शेपटी असेल तर मध्यक आणि चतुर्थके (क्रमाने लावलेल्या आकड्यांचे चार सारखे भाग पाडणारे आकडे) द्यावीत.

‘सामान्य पाऊस’ हा शब्द मुलं रोज ऐकतात, तोही उलगडून सांगा. हवामान खात्याचं सामान्य म्हणजे दीर्घकालीन सरासरी. सध्या १९७१ ते २०२० ही वर्षं धरतात, आणि देशभराच्या मोसमाची ती सरासरी ८७ सेंटिमीटर आहे. देशासाठी ९६ ते १०४ टक्के म्हणजे सामान्य. पण जिल्ह्यासाठी पट्टा उणे १९ ते अधिक १९ टक्के इतका रुंद ठेवलेला आहे. का? जागा लहान तितका चढउतार मोठा. देशभराच्या बेरजेत एकीकडची तूट दुसरीकडे भरून निघते, सत्तरीसारख्या एका तालुक्यात तशी निघत नाही. प्रमाण त्रुटी (नमुन्यागणिक सरासरीत पडणारा चढउतार) शिकवायला यासारखं तयार उदाहरण सापडणार नाही.

अंत्रुजकर:
वाळपयवाले, उणे पावसाचं गणित तसंच्या तसं वर्गात घेतो. पेडणेकरीण ताई, १२५ चा मुद्दाही फार स्पष्ट झाला.

कुळागर:
पसाऱ्यावरून आठवलं, गोव्यात संख्याशास्त्र शिकवताय तर गणिती आणि इतिहासकार दामोदर कोसंबी वगळू नका. जन्म १९०७, गोव्यातलाच. आहत नाण्यांवरचं (ठसे ठोकून केलेल्या प्राचीन नाण्यांवरचं) त्यांचं काम मध्य आणि व्हेरिअन्स यांवरच उभं आहे. नाणं चलनात फिरलं की झिजतं. टांकसाळीतून एका वजनाची निघालेली नाणी काही जास्त हातांतून जातात, काही कमी. म्हणून काळ जाईल तसं गटाचं सरासरी वजन उतरतं आणि त्याच वेळी वजनांतला पसारा वाढतो. मोठ्या संख्येने नाणी तोलून त्यांनी त्यावरून गटांचा आगेमागे क्रम लावला. एकट्या नाण्याच्या वजनावरून काहीच सांगता येत नाही, गटावरून येतं. जनुकशास्त्रातलं १९४४ चं मॅपिंग फंक्शनही (जनुकांमधली अंतरं काढायचं सूत्र) त्यांच्याच नावाने ओळखतात.

दर्या:
सगळं वाचलं. पण अंत्रुजकर, मूळ प्रश्नावर माझं मत वेगळं आहे. सरासरीपासून सुरुवात केली की मुलांना वाटतं आकडे आयते मिळतात आणि आपलं काम त्यांवर सूत्र चालवायचं. नमुना पहिल्याच तासाला घ्या.

१९३६ ची अमेरिकेची निवडणूक बघा. लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी पत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि रूझवेल्ट हरून लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्टना ४८ पैकी ४६ राज्यं मिळाली. नावं टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून घेतलेली, शिवाय उत्तर पाठवणारे न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे. नमुना प्रचंड असूनही वाकडा. वाकडा नमुना मोठा केला तर तीच चूक जास्त ठामपणे हाती येते.

इथलंच घ्यायचं तर ‘गोंयकारांना पर्यटनाबद्दल काय वाटतं’ हे कळंगुटच्या किनाऱ्यावर रविवारी विचारलं तर सांगे, सत्तरी, काणकोण यातून गळालेच. घरोघर सकाळी अकराला गेलात तर नोकरीवाले नाहीत. दर दहावं घर धरलं आणि वसाहतीत दर दहावं घर कोपऱ्याचं असेल, तर सगळी मोठी घरंच हाती येतील. सुरुवात चिठ्ठी टाकून करायची आणि रांगेत अशी लय आहे का ते आधी फिरून बघायचं.

सुंगट:
दर्या यांच्याशी अर्धी सहमत. नमुना महत्त्वाचा, पण मध्य आणि विचलन माहीत नसताना ‘नमुना किती मोठा हवा’ हे कसं सांगणार?

दर्या:
पहिल्या तासाला एवढंच पुरतं: टक्केवारीसाठी चूक साधारण एक भागिले वर्गमूळ एन. १०० लोकांना अधिकउणे १० टक्के, ४०० ला ५, १६०० ला अडीच. चूक निम्मी करायला माणसं चौपट लागतात. आणि गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १४,५८,५४५ असली काय किंवा उत्तर प्रदेशाएवढी असली काय, ४०० चा यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून काढावा तसा) नमुना जवळजवळ तेवढाच अचूक. हे मुलांना पटत नाही, म्हणून लहान टोक दाखवा. ५०० वस्तीच्या गावात ४०० जणांना विचारलं तर ४.९ टक्क्यांची चूक २.२ वर येते, कारण उरलेच १००. समष्टीचा आकार तेव्हाच मध्ये येतो, जेव्हा नमुना तिचा मोठा वाटा खातो.

आता एक्झिट पोल. विधानसभेच्या जागा ४०. राज्यभर १००० जणांना विचारलं तर मतांच्या टक्केवारीचा अंदाज ठीक, पण प्रत्येक मतदारसंघात २५ माणसं आली. अधिकउणे २० टक्के. २०२२ मध्ये सांत आंद्रेची जागा ७६ मतांनी गेली, फोंड्याची ७७ मतांनी. एवढा फरक कुठल्याही नमुन्याला दिसणार नाही.

मांडवीपार:
फोंड्याचा आकडा फोंड्याच्याच वर्गात. बरें जालें.

पेडणेकरीण:
हे एक भागिले वर्गमूळ एन टक्केवारीपुरतंच हो. वजनं, भाव यांना विचलन भागिले वर्गमूळ एन, आणि ९५ टक्क्यांचा पट्टा काढताना नमुना लहान असेल तर नॉर्मल वक्राच्या १.९६ ने नाही, टी-तक्त्याने गुणायचं. माझे पाच बांगडे: १५.८१ भागिले २.२३६ म्हणजे ७.०७. १.९६ ने गुणलं तर १२६ ते १५४. चार स्वातंत्र्यमात्रांसाठी (एन वजा एक, इथे पाच वजा एक) टी २.७७६, त्याने १२० ते १६०. एवढा फरक पडतो. हा तक्ता १९०८ मध्ये डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीतल्या गॉसेटने काढला, ‘स्टुडंट’ या टोपणनावाने. कारखान्यात त्याच्यापुढे मोजकेच नमुने असत, त्यामुळे ही अडचण त्याची रोजची होती.

सुंगट:
पी-व्हॅल्यूसाठी आंबा घ्या. कोणी म्हणालं, डोळे बांधून मानकुराद आणि हापूस चवीने ओळखतो. दहा फोडी, प्रत्येक वेळी नाणं उडवून कुठला द्यायचा ते ठरवायचं. दहापैकी आठ बरोबर आल्या. नुसता अंदाज ठोकत असता तर आठ किंवा त्याहून जास्त बरोबर यायची शक्यता: ४५ अधिक १० अधिक १ म्हणजे ५६, भागिले १०२४, म्हणजे ५.५ टक्के. नऊ आल्या असत्या तर ११ भागिले १०२४, म्हणजे १.१ टक्के. हीच पी-व्हॅल्यू.

वाळपयवाला:
म्हणजे आठ बरोबर आल्यावर तो अंदाज ठोकत असण्याची शक्यता ५.५ टक्के.

सुंगट:
नाही, आणि सगळ्यात जास्त चूक इथेच होते. ५.५ टक्के हे ‘अंदाज ठोकतोय’ असं धरूनच काढलेलं आहे. जे गृहीत धरलं त्याचीच शक्यता त्यातून निघत नाही. वाक्य असं म्हणायचं: तो अंदाज ठोकत असता तर इतका चांगला किंवा याहून चांगला निकाल शंभरात साधारण साडेपाच वेळा दिसला असता. आणि पी ०.०५५ आली म्हणून त्याला ओळखता येत नाही हे सिद्ध झालं, असंही नाही. दहा फोडींत पुरावा कमी पडला, इतकंच. फोडी वाढवा.

तिसऱ्यो:
सुंगट, नाणं उडवायचं हे तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं. कारण वर्गात मुलं काय करतात? पाच मानकुराद, पाच हापूस कापतात, आणि खाणाऱ्याला ते माहीत असतं. मग तोही पाच-पाचच नावं घेतो. अशा वेळी शक्यतांची संख्या १०२४ नाही, २५२. एक चुकली की जोडीची दुसरीही चुकते, म्हणून बरोबर नेहमी सम संख्येत येतात. आठ बरोबर यायचे २५ प्रकार, दहा बरोबरचा १. २६ भागिले २५२ म्हणजे १०.३ टक्के. तेच दहापैकी आठ, पण पी जवळजवळ दुप्पट. संख्याशास्त्रज्ञ फिशरचा चहाचा प्रयोग (कपात दूध आधी घातलं की चहा, ते चवीने ओळखायचं) याच जातीचा: आठ कप, चारांत दूध आधी, सगळे ओळखले तर ७० त एक. प्रयोग कसा मांडला हे कळल्याशिवाय पी-व्हॅल्यू काढताच येत नाही.

आणि फोडी एकाच आकाराच्या, एकाच थंडपणाच्या हव्यात. मानकुरादाची फोड वासानेच कळते, म्हणून ‘चवीने’ ओळखायची अट असेल तर नाकही मिटायला लावा.

वाळपयवाला:
पटलं. मग ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हलही, म्हणजे पेडणेकरीण ताईंचा १२० ते १६० चा पट्टा, तसंच ना?

सुंगट:
तसंच. १२० ते १६० या एका पट्ट्यात खरा मध्य असायची शक्यता ९५ टक्के, असं नव्हे. याच पद्धतीने पुन्हा पुन्हा पाच-पाच बांगडे उचलून पट्टे काढले तर शंभरातले सुमारे ९५ पट्टे खऱ्या मध्याला धरतील. ९५ टक्के हा पद्धतीचा गुण आहे.

कुळागर:
सहसंबंधाचं (दोन गोष्टी सोबत वाढतात-घटतात त्याचं) राहिलं. जून-जुलैत पाऊस वाढतो आणि मासळीही महागते. आलेख काढला तर सुरेख सहसंबंध येईल. पण पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, पुरवठाच आटतो. तपासायचं कसं? ऑगस्टमधले धो धो पावसाचे आणि उघडिपीचे दिवस वेगळे काढून भाव बघा. बंदी उठलेली, पाऊस चालू. तिसरी गोष्ट स्थिर धरून बघणं म्हणतात ते हेच. जोराच्या दर्यात होड्या बाहेर पडत नाहीत हा पावसाळ्याचा स्वतःचा वाटाही त्यातून थोडाफार वेगळा दिसेल.

दर्या:
आणि दहावीच्या निकालाचं घ्या. शंभर टक्के लागलेल्या शाळांच्या यादीत लहान शाळा जास्त का? समजा प्रत्येक मुलाची पास व्हायची शक्यता सगळीकडे सारखीच, ९२ टक्के. दहा मुलांच्या शाळेचा शंभर टक्के निकाल लागायची शक्यता ४३ टक्के. दीडशे मुलांच्या शाळेची लाखात एकही नाही. शिकवणं सारखंच, फक्त एन वेगळा. सर्वात वाईट निकालांतही लहान शाळाच जास्त असतील.

मांडवीपार:
हे पालकांनाही सांगायला हवं.

अंत्रुजकर:
सर्वांचे मनापासून आभार. क्रम बदलतोय. दर्या यांचा मुद्दा मान्य: पहिला तास नमुना, तोही नुसता सांगून नाही, वर्गातल्या वर्गात करून. हजेरीपटावरून दहा मुलं निवडायची, त्यांची घरापासून कॉलेजपर्यंतची अंतरं लिहायची, आणि पुढचे मध्य, मध्यक, विचलन, टी सगळं त्याच आकड्यांवर. अख्ख्या वर्गाची अंतरं वेगळ्या कागदावर झाकून ठेवीन, चौथ्या तासाला उघडायची. फोंड्याजवळची मुलं जास्त आणि धारबांदोडा, सांगेहून येणारी मोजकी, त्यामुळे उजवी शेपटीही आपोआप मिळेल. एकच विचारायचं: निवड चिठ्ठ्यांनी करू की कॅलक्युलेटरने?

तिसऱ्यो:
कॅलक्युलेटरने. शिफ्ट आणि दशांश बिंदू दाबला की ०.००० ते ०.९९९ मधला आकडा येतो. वर्गात ६० मुलं असतील तर त्याला ६० ने गुणा, अपूर्णांक टाका, १ मिळवा. ०.४८७ आला तर २९.२२, म्हणजे हजेरी क्रमांक ३०. १ मिळवायचं विसरलात तर ६० वा कधीच येणार नाही आणि शून्य क्रमांक येत राहील. तोच क्रमांक पुन्हा आला तर सोडून पुढचा घ्या. यादी हजाराहून मोठी असेल तेव्हा हे वापरू नका: तीन दशांशांत हजारच आकडे बसतात, त्यामुळे काही नावं कधीच निघणार नाहीत. तिथे एक्सेलचं रँडबिटवीन.

पेडणेकरीण:
आणि निवडलेल्यांपैकी कोणी त्या दिवशी गैरहजर असेल तर शेजारच्या बाकावरचा घेऊ नका. दुसऱ्या दिवशी त्यालाच विचारा. लांबून येणारीच जास्त गैरहजर असतात.